महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये : जात, धर्म, लिंग, वय, व्यवसाय असा कोणताही भेद न करता समाजातील सर्वांना वाचनसाहित्य उपलब्ध करून देणारी संस्था म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय होय. अशा ग्रंथालयाचा खर्च सार्वजनिक निधीतून भागविला जावा, सेवा विनामूल्य मिळावी आणि त्याचे व्यवस्थापन शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हाती असावे, अशा अपेक्षा या संकल्पनेत सामान्यतः गृहीत धरल्या जातात. महाराष्ट्रातील बहुसंख्य ग्रंथालये या अपेक्षांना पूर्णपणे उतरत नाहीत. गावातील काही मंडळींनी एकत्र येऊन स्थापन केलेली, नोंदणीकृत संस्थेने चालविलेली, सभासदांची वर्गणी व शासनाचे अनुदान यांवर निर्भर असलेली अशी ही ग्रंथालये आहेत. राज्याच्या कायद्याने त्यांनाच सार्वजनिक ग्रंथालय म्हणून मान्यता दिली आहे. ही रचना महाराष्ट्राच्या ग्रंथालयव्यवस्थेचे प्रमुख वैशिष्ट्य असून तिच्या सामर्थ्याचे व दौर्बल्याचे मूळही तिच्यातच आहे.

प्रारंभ : मुंबईत १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. पुढे एशियाटिक सोसायटी म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या संस्थेचा ग्रंथसंग्रह फार मोठा होता, तथापि तो विद्वान सभासदांपुरता मर्यादित होता. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथालय निघण्याचा पहिला मान रत्नागिरीकडे जातो. तेथील ग्रंथालय १८२८ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १८३८ मध्ये, नासिक येथे १८४० मध्ये, पुणे येथे १८४८ मध्ये व कोल्हापूर येथे १८५० मध्ये ग्रंथालये निघाली. सावंतवाडी (१८५२), सोलापूर (१८५३), कल्याण व चिपळूण (१८६४) आणि सांगली (१८६९) येथील ग्रंथालये त्यानंतरची होत. वऱ्हाडात अकोला व अमरावती येथेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचनालये सुरू झाली. यांपैकी बरीच ग्रंथालये नावे बदलून, जागा बदलून, पण खंड न पडता आजतागायत चालू आहेत. एकाच संस्थेने दीडशेहून अधिक वर्षे लोकांना पुस्तके पुरवीत राहावे, अशी उदाहरणे भारतात फारशी आढळत नाहीत.

या पहिल्या पिढीतील ग्रंथालयांना ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे म्हणत. त्यांच्या स्थापनेत इंग्रज अधिकाऱ्यांचा पुढाकार असे. वर्गणीदारही बहुधा सरकारी नोकर, वकील, शिक्षक व सरदार–जहागीरदार असत. रत्नागिरीचे ग्रंथालय निघाले, तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण निघण्यास अजून चार वर्षे अवकाश होता. त्यामुळे आरंभीच्या संग्रहांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असणे स्वाभाविक होते. मराठी ग्रंथांची व नियतकालिकांची संख्या वाढली, तसतसे या संस्थांचे रूप पालटले. पुण्याच्या ग्रंथालयाच्या स्थापनेत लोकहितवादींनी भाग घेतला होता. म्हणजे शतकाच्या मध्यावर इंग्रजी राज्याबरोबर आलेली ही कल्पना एतद्देशीय सुधारकांनी आपलीशी केल्याचे दिसते.

या संस्थांची नावेही उद्बोधक आहेत. बहुतेक जुन्या संस्था स्वतःस ‘ग्रंथालय’ न म्हणता ‘वाचनालय’ किंवा ‘वाचन मंदिर’ म्हणवितात. लोक तेथे प्रामुख्याने वर्तमानपत्रे वाचावयास जमत, याचा हा शिल्लक राहिलेला पुरावा होय. टपालाने आलेला एकच अंक दहा–वीस जण वाचीत किंवा एकाने वाचलेला इतर ऐकत. पुस्तके घरी नेण्याची सोय हा पुढचा टप्पा होता. आजही लहान गावातील वाचनालयात सकाळच्या वेळी दिसणारी गर्दी वृत्तपत्रांच्या मेजाभोवती असते, कपाटांपाशी नसते. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांना ही गोष्ट कमीपणाची वाटते. वास्तविक ती दोन शतकांची वहिवाट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळ्या हेतूने प्रेरित झालेल्या दोन संस्था उदयास आल्या. महाराष्ट्र सारस्वत या ग्रंथाचे कर्ते विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनी १८९३ मध्ये ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. वाचकाची करमणूक किंवा वर्तमानपत्रांची सोय एवढ्यावर समाधान न मानता मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक जमवून जतन करावे, ही या संस्थांमागील भूमिका होती. १८६७ च्या कायद्यान्वये मुद्रित ग्रंथांची नोंद सरकारदप्तरी होत असली, तरी ग्रंथ जतन करून ते मराठी वाचकास सहज पाहावयास मिळतील अशी व्यवस्था नव्हती. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची (१८०० ते १९३७ या कालखंडाचा भाग १९४३ मध्ये व १९३८ ते १९५० या कालखंडाचा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध) अशा संग्रहांवाचून सिद्ध होणे अवघड होते. पुणे मराठी ग्रंथालय (१९११) याच परंपरेतील होय.

निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात परिस्थिती निराळी होती. तेथे सभा–संमेलनांवर व खाजगी शाळांवर कडक निर्बंध होते. त्या काळात वाचनालय हे लोकांना उघडपणे एकत्र येण्याचे एक ठिकाण ठरले आणि मराठी भाषेची व राष्ट्रीय विचारांची जोपासना तेथे होऊ शकली. त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या वाचनालयांचा इतिहास हा पुष्कळदा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासाचाच भाग असतो.

बडोद्याचा प्रयोग : विनामूल्य सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना भारतात प्रथम पद्धतशीरपणे अमलात आणली, ती बडोदे संस्थानचे अधिपती सयाजीराव गायकवाड यांनी. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून प्रभावित झालेल्या महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. बडोदे येथे मध्यवर्ती ग्रंथालय, प्रांत व तालुका पातळीवर शाखा, गावोगाव वाचनालये आणि जेथे वाचनालय नाही तेथे पेट्यांतून पाठविली जाणारी फिरती पुस्तके, अशी साखळी तेथे उभी राहिली. पुढे या खात्याचे काम जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पाहिले व या चळवळीचा वृत्तांत १९१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. गावाने काही रक्कम जमविली की, तेवढीच रक्कम स्थानिक मंडळाने व तेवढीच संस्थानने द्यावयाची, असा तेथील दंडक होता. लोकांचा वाटा कायम ठेवूनही ग्रंथालय विनामूल्य राहू शकते, हे बडोद्याने दाखवून दिले. महाराष्ट्राच्या पुढील व्यवस्थेने यातील पहिला अर्धा भाग उचलला, दुसरा उचलला नाही.

शासनाचा प्रवेश : मुंबई सरकारने १९३९ मध्ये असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. समितीने १९४० मध्ये आपला अहवाल सादर केला. मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रादेशिक ग्रंथालये, नंतर जिल्हा, तालुका, पेटा व शेवटी गाव अशी सहा टप्प्यांची रचना समितीने सुचविली. युद्धकाळामुळे ही योजना लांबणीवर पडली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास तिच्या अंमलबजावणीस प्रारंभ झाला. येथे जो निर्णय घेतला गेला त्याचे परिणाम दूरगामी ठरले. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी नवे सरकारी ग्रंथालय बांधण्याऐवजी तेथे आधीपासून असलेल्या लोकसंस्थेच्या ग्रंथालयालाच जिल्हा ग्रंथालय किंवा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता द्यावी व त्यास अनुदान द्यावे, असे ठरले. पैशाची टंचाई लक्षात घेता हा मार्ग व्यवहार्य होता. शंभर वर्षांचा संग्रह, इमारत व वाचकवर्ग त्यामुळे शासनास आयताच मिळाला. मात्र जेथे अशी संस्था नव्हती तेथे, म्हणजे बहुसंख्य खेड्यांत, ग्रंथालय निघणे हे गावातील उत्साही माणसांवर अवलंबून राहिले.

कायदे : ग्रंथालयविषयक कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान अग्रेसर होते, तेथे १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा संमत झाला. भारतातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा समजला जातो. संस्थानच्या विलीनीकरणामुळे त्याची फळे मात्र दिसू शकली नाहीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांच्या प्रेरणेने मद्रास प्रांतात १९४८ मध्ये कायदा झाला. त्यात मालमत्ताकराबरोबर ग्रंथालय उपकर आकारण्याची तरतूद होती. हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये कायदा केला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व १ मे १९६८ पासून अमलात आला. लगेच दुसऱ्या दिवशी ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. या अधिनियमान्वये राज्य ग्रंथालय परिषद, जिल्हा ग्रंथालय समित्या व ग्रंथालय निधी यांची तरतूद करण्यात आली. राज्य शासनाने या निधीस दरवर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत, असे बंधन घालण्यात आले. महाराष्ट्राच्या कायद्याचा मद्रासच्या कायद्याहून असलेला मुख्य फरक म्हणजे त्यात ग्रंथालय उपकर नाही. उपकरामुळे नागरिकावर थोडा बोजा पडतो, पण त्याबरोबर ग्रंथालयाची सेवा मागण्याचा हक्क त्यास प्राप्त होतो आणि निधीही आपोआप वाढत जातो. महाराष्ट्रात हा बोजा टळला. त्याबरोबर ग्रंथालयांचे उत्पन्न शासनाच्या वार्षिक अंदाजपत्रकातील तरतुदीवर विसंबून राहिले. कायद्याने नवी व्यवस्था निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा फैजी समितीच्या योजनेनंतर रूढ झालेल्या व्यवस्थेला कायद्याचे अधिष्ठान दिले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

रचना व अनुदान : संचालनालयाचे कार्यालय मुंबईत असून त्याच्या अधिपत्याखाली महसुली विभागवार सहायक ग्रंथालय संचालक व प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी काम पाहतात. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय मुंबईच्या नगर भवनात आहे. आरंभी ते एशियाटिक सोसायटीकडे सोपविलेले होते, पुढे वेगळे झाले. १९५४ च्या केंद्रीय कायद्यान्वये प्रकाशकाने आपल्या प्रत्येक प्रकाशनाची प्रत, प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत, स्वखर्चाने ज्या ग्रंथालयांकडे पाठविणे बंधनकारक आहे, त्यांत मुंबईच्या या ग्रंथालयाचा समावेश होतो. विभागीय व जिल्हा पातळीवर काही शासकीय ग्रंथालये आहेत. एकूण व्यवस्थेत त्यांची संख्या अगदी अल्प आहे. वाचकांशी दैनंदिन संबंध येतो तो मान्यताप्राप्त संस्थांचाच.

मान्यतेसाठी संस्थेची नोंदणी सोसायटी नोंदणी कायदा व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली व्हावी लागते. सभासदांतून निवडलेले कार्यकारी मंडळ कारभार पाहते. त्यात अध्यक्षापेक्षा कार्यवाहाचे पद अधिक महत्त्वाचे असते, कारण पुस्तक खरेदीपासून लेखापरीक्षणापर्यंत सर्व जबाबदारी बहुधा त्याच्यावरच पडते. १९७० च्या नियमांनुसार ग्रंथालयांना मान्यता व अनुदान दिले जाते. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिकांची संख्या, उघडे राहण्याचे तास व सेवकवर्ग या निकषांवर ग्रंथालयांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ असे चार वर्ग पाडण्यात आले आहेत. शिवाय जिल्हा, तालुका व इतर असाही भेद केला जातो. मान्य खर्चाच्या ठराविक प्रमाणात व त्या वर्गासाठी ठरलेल्या कमाल मर्यादेत परिरक्षण अनुदान मिळते. ते सामान्यतः दोन हप्त्यांत दिले जाते. त्यातील निम्मी रक्कम वेतनावर व निम्मी ग्रंथ, नियतकालिके, जागाभाडे, वीज इ. वेतनेतर बाबींवर खर्च करावयाची असते. इमारत व साधनसामग्री यांसाठी वेगळे अनुदान असते. कोलकाता येथील राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान (स्थापना १९७२) राज्य शासनाच्या समान वाट्याने, तसेच स्वतंत्रपणेही ग्रंथ व इतर साहाय्य देते. संचालनालय दरवर्षी निवडक ग्रंथांची यादी प्रसिद्ध करते व अनुदानातील काही भाग त्या यादीतील ग्रंथांवर खर्च करावा, अशी अपेक्षा असते. प्रकाशनव्यवसायाला या यादीचा मोठा आधार वाटतो. एखाद्या ललित नसलेल्या मराठी पुस्तकाची आवृत्ती निघावी की न निघावी, हे पुष्कळदा ते यादीत येण्याच्या शक्यतेवर ठरते.

राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या अकरा ते बारा हजारांच्या दरम्यान आहे. भारतातील इतर अनेक राज्यांच्या तुलनेने हा आकडा मोठा आहे. तथापि राज्यात सु. २८,००० ग्रामपंचायती आहेत आणि एकेका शहरात अनेक ग्रंथालये आहेत, हे लक्षात घेतले असता निम्म्याहून अधिक ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत मान्यताप्राप्त ग्रंथालय नाही, हे उघड होते. ग्रंथालयांची ही वाढ मुख्यतः ‘ड’ वर्गात झाली. त्यांतील काही केवळ कागदावर असल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी करण्यात आली. तीत अनेक ग्रंथालयांत त्रुटी आढळल्या, काहींची मान्यता गेली आणि त्यानंतर बरीच वर्षे नवीन मान्यता व वर्गवाढ थांबविण्यात आली. दोषी संस्थांना आळा घालणे आवश्यकच होते. परंतु जी गावे तोवर ग्रंथालयाविना होती, त्यांचाही मार्ग त्यामुळे बंद झाला आणि चांगले काम करून ‘ड’ मधून ‘क’ मध्ये जाऊ पाहणाऱ्या संस्था जागच्या जागी राहिल्या.

सेवा : ग्रंथालयाची मूलभूत सेवा देवघेवीची. सभासद होताना अनामत रक्कम व प्रवेश शुल्क भरावे लागते, त्यानंतर मासिक वा वार्षिक वर्गणी. पुस्तक मुदतीत परत न आल्यास विलंब शुल्क आकारतात. वृत्तपत्रे व नियतकालिके यांचा वाचनकक्ष मात्र बहुतेक ठिकाणी सर्वांना विनामूल्य खुला असतो. म्हणजे एकाच छपराखाली अर्धी सेवा पूर्णार्थाने सार्वजनिक व अर्धी वर्गणीदारांपुरती, अशी स्थिती असते. वर्गणीची रक्कम लहान वाटली, तरी मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास अनामत रक्कम अडवून ठेवणे जड जाते. काही ग्रंथालये विद्यार्थी, महिला व ज्येष्ठ नागरिक यांना सवलत देतात.

पूर्वी पुस्तके बंद कपाटांत असत. सभासदाने यादी पाहून क्रमांक सांगावयाचा व सेवकाने पुस्तक काढून द्यावयाचे, अशी पद्धत होती. मोठ्या ग्रंथालयांत आता मुक्तप्रवेश पद्धत रूढ झाली आहे. वाचकाला मांडणीपुढे उभे राहून पुस्तके चाळता आल्यामुळे चरित्रे, प्रवासवर्णने, इतिहास यांसारख्या विषयांची मागणी वाढते, असा ग्रंथपालांचा अनुभव आहे. याउलट पुस्तके हरवण्याचे प्रमाणही काहीसे वाढते. वर्गीकरणासाठी मोठी ग्रंथालये दशांश पद्धती वापरतात. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धती सार्वजनिक ग्रंथालयांत फारशी रुजली नाही. लहान ग्रंथालयांत दाखल नोंदवहीतील क्रमांक आणि कथा, कादंबरी, नाटक, चरित्र असे ढोबळ विभाग एवढ्यावर काम भागते. वाचकाला लेखकाचे नाव व पुस्तकाचे नाव ठाऊक असते आणि सेवकाला ते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे ठाऊक असते. तो सेवक सोडून गेला की, ग्रंथालयाची सूचीच गेल्यासारखे होते.

दिवाळी अंक हे मराठी ग्रंथालयांच्या सेवेतील एक खास अंग आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या मनोरंजन मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. एका वाचकाला सर्व अंक विकत घेणे शक्य नसल्याने ठराविक रक्कम भरून हंगामभर सर्व अंक वाचण्याची स्वतंत्र योजना ग्रंथालये चालवितात. पुष्कळ ग्रंथालयांत वर्षातील सर्वाधिक देवघेव कार्तिकापासून माघापर्यंत होते. या योजनेमुळे वर्गणीदार नसलेली कुटुंबेही ग्रंथालयाच्या उंबरठ्यावर येतात आणि त्यांतील काही पुढे नियमित सभासद होतात.

बालविभाग, महिला विभाग, संदर्भसेवा, व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शने, लेखकांच्या जयंत्या इ. उपक्रम सर्वत्र थोड्याफार प्रमाणात चालतात. १५ ऑक्टोबर हा ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला. जिल्हावार ग्रंथोत्सवही भरविले जातात. यांपेक्षा अधिक खोल परिणाम घडला आहे तो अभ्यासिकांमुळे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांसाठी ग्रंथालयांनी टेबल, दिवे व पाठ्यपुस्तके असलेल्या खोल्या उघडल्या. घरी एकच खोली असणाऱ्या विद्यार्थ्याला शांत जागा मिळणे, हीच यातील मोठी सेवा होय. या तरुणांचा ग्रंथसंग्रहाशी संबंध बहुधा येत नाही. तथापि तालुक्याच्या ग्रंथालयात दिवसभर माणसे दिसतात, ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

जेथे ग्रंथालय पोहोचत नाही तेथे पुस्तके पोहोचविण्याचे प्रयत्न संस्थांनी स्वतंत्रपणे केले आहेत. नासिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही ग्रंथपेट्यांची योजना बडोद्याच्या फिरत्या पेट्यांची आठवण करून देते. सोसायट्या, कार्यालये, कारागृहे व परदेशांतील मराठी मंडळे यांच्यापर्यंत या पेट्या गेल्या. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने ‘पुस्तकांचं गाव’ हा उपक्रम सुरू केला. तेथे गावकऱ्यांच्या घरांत पुस्तके ठेवलेली असून येणाऱ्यास ती विनामूल्य वाचता येतात. भिलारचे वाचक प्रामुख्याने महाबळेश्वर–पाचगणीचे प्रवासी असल्याने त्याची तुलना गावाच्या नित्य गरजा भागविणाऱ्या वाचनालयाशी करता येत नाही.

सेवकवर्ग : या व्यवस्थेतील सर्वांत दुखरी बाजू म्हणजे ग्रंथालय सेवकांचे वेतन. हे सेवक संस्थेचे नोकर असल्याने त्यांना शासकीय वेतनश्रेणी लागू होत नाही. प्रभा राव समिती व व्यंकप्पा पत्की समिती यांनी या प्रश्नाचा विचार केला, ग्रंथालय संघांनी मोर्चे व निवेदने यांद्वारे तो वारंवार मांडला. मात्र वेतनश्रेणीची मागणी मान्य झाली नाही. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. त्यापूर्वी ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते, ते त्या निर्णयाने ४८,००० रुपये झाले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची धरल्यास सेवकाच्या वाट्यास महिन्याला पूर्वी १,२५० रुपये येत, ते २,००० झाले. एवढ्या रकमेत पूर्णवेळ सेवक मिळणे शक्य नाही. परिणामी खेड्यातील ग्रंथालय हे कुणाच्या तरी दुसऱ्या व्यवसायाला जोडून, सकाळी दोन तास व संध्याकाळी दोन तास चालते. ते उघडणारी व्यक्ती निवृत्त शिक्षक, दुकानदार किंवा घरची कामे उरकून येणारी गृहिणी असते. ग्रंथालय संघांमार्फत चालणाऱ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाने अशा हजारो व्यक्तींना दाखल नोंद, वर्गीकरण व ग्रंथगणना यांचे प्राथमिक शिक्षण दिले आहे. प्रशिक्षित सेवक मात्र शाळा–महाविद्यालयांत जागा मिळताच निघून जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे उत्कृष्ट ग्रंथालयांस व डॉ. रंगनाथन यांच्या नावे कार्यकर्ते व सेवक यांस पुरस्कार ठेवले आहेत.

आपत्ती व जतन : काही जुन्या ग्रंथालयांच्या इमारती नदीकाठच्या पेठांत आहेत. पानशेतचे धरण १९६१ मध्ये फुटले, तेव्हा पुण्यातील ग्रंथसंग्रहांची हानी झाली. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरास २००५ च्या व पुन्हा २०२१ च्या पुराचा तडाखा बसला. २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजली. भिजलेले पुस्तक दोन–तीन दिवसांत बुरशी धरते. सुटी पाने सावलीत वाळवून काही वाचविता येतात, पण चकचकीत कागदाची पाने एकमेकांस चिकटून लगदा होतो. अशा प्रसंगी नवी पुस्तके देणगीरूपाने मिळतात, तथापि जुनी नियतकालिके व आता कोठेही न मिळणारे ग्रंथ भरून येत नाहीत. तळमजल्यावर चालू पुस्तके व माळ्यावर जुनी, अशी मांडणी जागेअभावी करावी लागते. तीमुळे पुरात दुर्मिळ संग्रह कधीकधी वाचतो, परंतु गळके छप्पर, वाळवी व दमट हवा यांचा उपद्रव त्यालाच अधिक होतो.

मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे ग्रंथालये बंद झाली व १५ ऑक्टोबर २०२० पासून ती पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली. या सात महिन्यांत वर्गणी थांबली. अनेक सभासदांनी, विशेषतः ज्येष्ठ वाचकांनी, सभासदत्व पुढे चालविले नाही. अनुदानापेक्षा वर्गणीवर अधिक विसंबून असलेल्या शहरी ग्रंथालयांना याची झळ जास्त बसली. काहींनी त्या काळात घरपोच पुस्तके देण्याची सोय केली व ती पुढेही चालू ठेवली.

संगणकीकरण मोठ्या ग्रंथालयांत बऱ्यापैकी झाले आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावली काही ठिकाणी वापरली जाते. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय व काही जुन्या संस्था यांनी दुर्मिळ मराठी ग्रंथांचे अंकीय रूपांतर हाती घेतले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील पुस्तक पाहण्यासाठी दूरच्या अभ्यासकाला मुंबईस येण्याची गरज काही अंशी उरलेली नाही. लहान ग्रंथालयांत पुस्तकाची नोंद अद्याप दाखल नोंदवहीतच असते. शेजारच्या गावातील ग्रंथालयात एखादे पुस्तक आहे की नाही, हे तेथे जाऊन किंवा दूरध्वनी करून विचारावे लागते.